तिसऱ्या मजल्यावरच्या दोघी

पत्र आलं तेव्हा थोरली खिडकीशी बसून चष्म्याची काडी दोऱ्यानं बांधत होती. भाचीनं दारातूनच हाक मारली, "मावशी, तुझ्या गिरणीतून पत्र आलंय!"

"गिरणीतून?" थोरली म्हणाली. "आता तिथं पत्र लिहायला राहिलंय कोण? उंदीर?"

गिरणी बंद पडून तीस वर्षं होत आली होती. थोरलीनं त्या गिरणीच्या तिसऱ्या मजल्यावर तेवीस वर्षं सूत काढलं होतं. म्हणजे सूत गुंडाळणाऱ्या फिरत्या चात्यांच्या रांगेपुढे उभं राहायचं, धागा तुटला की चिमटीत पकडायचा आणि पापणी लवायच्या आत सांधायचा. बोटं अजून तशीच चपळ होती. कान मात्र गिरणीनं ठेवून घेतले होते. एका कानानं काहीच ऐकू येत नसे, दुसऱ्यानं समोरचा मोठ्यानं बोलला तर.

भाची म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीची मुलगी. शहर वाहतुकीची बस चालवायची. मावशीचा नवरा गेल्या वर्षी गेला, मावशीला मूलबाळ नाही, म्हणून ती आपलं अंथरूण-पांघरूण घेऊन इथेच राहायला आली होती. तिनं पत्र फोडलं आणि बसमध्ये थांब्यांची नावं पुकारावीत तशा आवाजात वाचून दाखवलं.

नदीच्या जोरावर चालणाऱ्या जुन्या कारखान्यांचं ऐतिहासिक उद्यान झालं होतं. बंधारा, कालवा, पहिलं लाकडी चाक, नंतरचं लोखंडी चाक, सगळं दुरुस्त करून लोकांना बघायला खुलं करणार होते. गिरणीची इमारत धुऊन-पुसून घेतली होती आणि तिसऱ्या मजल्यावर दोन यंत्रं पुन्हा पाण्यावर चालवून दाखवणार होते. लोकांसाठी दारं उघडायच्या आधी जुन्या कामगारांनी येऊन बघून जावं, अशी विनंती होती. सोबत एक अर्ज होता.

"कोणत्या दिवशी येणार?" भाचीनं पेन काढलं. "मंगळवार, बुधवार की गुरुवार? मला बुधवारी सुट्टी आहे."

"मग विचारतेस कशाला?"

"जिना चढता येतो का?"

"लिही, हळूहळू."

"मोठ्या आवाजाचा त्रास होतो का?"

थोरली हसायला लागली. हसता हसता तिला ठसका लागला. "लिही, आता कसला होतोय! व्हायचा तेवढा होऊन गेला म्हणावं."

भाचीनं खरंच तसं लिहिलं. मग तिनं बसचं वेळापत्रक काढलं, कुठली गाडी कुठे बदलायची, उद्यानाच्या फाटकापासून चालत किती, मध्ये बसायला बाक आहे की नाही, हे सगळं एका कागदावर मांडलं आणि तो कागद शेगडीमागच्या भिंतीला चिकटवला. थोरली येता-जाता त्याच्याकडे बघायची. तिला जायचं होतं आणि नव्हतंही. नवऱ्याच्या हयातीत त्या रस्त्यानं जायची तिची छाती झाली नसती. तो स्वतः गिरणी बंद झाल्यापासून त्या बाजूला फिरकला नव्हता, आणि का फिरकत नाही हे दोघांनाही माहीत असल्यामुळे त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

चार दिवसांनी उद्यानातून फोन आला. बोलणारी मुलगी तरुण होती, जुन्या कामगारांची यादी करायचं काम तिच्याकडे होतं. भाचीनं फोनचा आवाज मोठा करून तो टेबलावर ठेवला.

"आजी, तुमचा बुधवार पक्का. एकच विचारायचं होतं. तुमच्याच आडनावाच्या आणखी एक बाई आहेत आमच्याकडे. त्याही तिसऱ्या मजल्यावरच्याच. तुमच्या नात्यातल्या का? म्हणजे तुम्हाला एकत्र बोलावता येईल."

थोरलीनं टेबलाची कड धरली.

"आहे ती?" तिनं विचारलं.

"म्हणजे?"

"जिवंत आहे?"

"हो, आजी. त्यांचा अर्ज आलाय ना. फक्त त्यांनी खाली लिहिलंय की, तिसऱ्या मजल्यावरचं कुणी येणार नसेल असा दिवस मला द्या." मुलगी थांबली. "हे मी तुम्हाला सांगायला नको होतं बहुतेक."

"नाही, बरं केलंस, बाळ," थोरली म्हणाली. "माझी जाऊ आहे ती. धाकटी जाऊ."

भाची तोंड उघडं टाकून बघत राहिली. मावशीला जाऊ आहे हे तिनं जन्मात ऐकलं नव्हतं.

*

दोघी एकाच घरात राहायच्या. कालव्याच्या गल्लीत दुमजली घर होतं, वरच्या मजल्यावर थोरली आणि तिचा नवरा, खाली धाकटी आणि तिचा. दोघा भावांनी लग्नं एका वर्षाच्या अंतरानं केली. धाकटी गिरणीत आली तेव्हा तिला धागा सांधायला थोरलीनंच शिकवलं. यंत्रांच्या गदारोळात बोलणं ऐकू यायचं नाही, म्हणून दोघी ओठांच्या हालचालींवर बोलायच्या, आणि दिवसभर इतक्या बोलायच्या की मुकादम म्हणायचा, या दोघींची तोंडं चालतात त्यावर आणखी एक मजला चालवता येईल.

धाकटीला मुलगी झाली. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण सगळी गल्ली तिला ठकी म्हणायची. ठकी दोन वर्षांची असताना तिचा बाप तापानं गेला. तेव्हापासून ती अर्धी खालच्या घरात वाढली, अर्धी वरच्या. थोरलीला ती मोठी आई म्हणायची. पाळी सुटून थोरली घरी आली की ठकी खाली खाटेवर उभी राहून केरसुणीच्या लांब दांड्यानं छत ठोकायची, तीनदा. त्याचा अर्थ, मोठी आई, खाली ये. लाकडी छत, त्यावर थोरलीचं स्वयंपाकघर. थोरली हातातलं टाकून खाली धावायची. कधी मुद्दाम उशीर केला तर ठकी पुन्हा ठोकायची आणि छतातून भुसा पडायचा.

ठकीच्या छातीत जन्मापासून काहीतरी कमी होतं. थोडं पळाली की ओठ निळे पडायचे. गिरणीच्या दवाखान्यातला डॉक्टर दर आठवड्याला तिला सुई टोचायचा. तो डॉक्टर फक्त हजेरीपटावरच्या कामगारांना आणि त्यांच्या मुलांना तपासायचा.

थोरलीचा नवरा फिटर होता. इमारतीच्या पोटात, चाकाच्या खड्ड्यापाशी त्याचं काम. जगात सगळीकडे वीज आली तरी मालकांनी नदी सोडली नव्हती. नदी फुकट वाहते, म्हणायचे. कालव्याचा दरवाजा उचलला की चाक फिरायचं, चाकाबरोबर मोठा दांडा, दांड्यावरून कातडी पट्टे, आणि पट्ट्यांवर चारही मजल्यांची सगळी यंत्रं. एकटं एखादं यंत्र थांबवायची सोय नव्हती. थांबवायचं तर कुणीतरी जिन्यांवरून खाली धावत जाऊन फिटरला सांगायचं आणि त्यानं दरवाजा पाडायचा.

एके दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या एका बाईचा हात पट्ट्यात गेला. सांगायला माणूस खाली पोचेपर्यंत आणि वाहतं पाणी बंद होईपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं. तिला पट्ट्यातून सोडवलं ते थोरलीच्या नवऱ्यानं. त्या दिवशी घरी येऊन तो पाण्याच्या बादलीपुढे बसला आणि हात धूत राहिला, धूतच राहिला. दुसऱ्या दिवशी त्यानं माणसं गोळा केली. मागणी एवढीच होती की प्रत्येक मजल्यावर एक दोरी लावा, तिचं दुसरं टोक खाली चाकापाशी घंटेला बांधा. दोरी ओढली की घंटा वाजेल, घंटा वाजली की दरवाजा पडेल. मालक म्हणाले, मग बायका येता-जाता दोऱ्या ओढतील आणि काम बसेल. संप सुरू झाला. आणि संपावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव मालकांनी हजेरीपटावरून काढून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात धाकटी वर आली. थोरलीच्या नवऱ्यापुढे उभी राहून म्हणाली, "भावजी, ठकीची सुई चुकली. दवाखान्यात घेत नाहीत. मी कामावर जाते. मला वेतन नको, काही नको, फक्त नाव पटावर राहू दे."

"तू गेलीस तर उद्या दहा जातील," तो म्हणाला. "प्रत्येकाच्या घरात काहीतरी आहे."

"माझ्या घरात ठकी आहे."

तो वाईट माणूस नव्हता. ठकीला खांद्यावर बसवून कालव्यावर फिरवणारा तोच होता. पण त्याच्या डोळ्यांपुढून तो हात हलत नव्हता. धाकटी दुसऱ्या दिवशी फाटकातून आत गेली, आणि संध्याकाळी त्यानं बायकोला सांगितलं, "संप मिटेपर्यंत खालच्या घरात पाय ठेवायचा नाही. सगळी गल्ली आपल्याकडे बघतेय."

थोरलीनं पाय ठेवला नाही. जिन्यात धाकटी समोर आली की ती भिंतीकडे तोंड करायची. ठकी दाराच्या फटीतून "मोठी आई" म्हणायची. थोरली वर येऊन पदर तोंडात कोंबायची आणि कामाला लागायची. दहा-बारा दिवसांचा प्रश्न आहे, असं ती स्वतःला समजावायची. मग सगळं भरून काढू.

चौथ्या आठवड्यातल्या एका दुपारी ठकी गेली. गल्लीतलं कुणीही तिला पोचवायला गेलं नाही. थोरली खिडकीच्या मागे उभी होती. तिचा नवरा त्या दिवशी सकाळी घराबाहेर पडला तो संध्याकाळपर्यंत कालव्याच्या भिंतीवर बसून होता. पुढच्या आठवड्यात मालक नमले. दोऱ्या लागल्या, घंटा लागली. ज्या दिवशी घंटा पहिल्यांदा वाजवून बघितली, त्याच दिवशी धाकटी एका हातगाडीवर ट्रंक आणि गादी टाकून गल्लीतून निघून गेली. कुठे गेली हे कुणी विचारलं नाही.

थोरलीनं हे सगळं भाचीला सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही.

*

उद्यानातल्या मुलीनं पत्ता दिला नाही, पण निरोप पोचवते म्हणाली. काय निरोप द्यायचा यावर थोरलीचे तीन दिवस गेले. भाचीनं वहीची पानं फाडून फाडून मसुदे केले. एक फार लांब झाला, एक वाचताना सरकारी नोटीस वाटायला लागली. शेवटी थोरलीनं सगळे बाजूला सारले आणि फोनवर सांगितलं, "तिला म्हणावं, बुधवार तू घे. मी येत नाही. पण एकदा भेटायचं आहे, तू म्हणशील तिथे."

उत्तर दोन दिवसांनी आलं. एका शिवणाच्या दुकानाचा पत्ता आणि खाली एक ओळ: दुपारी या, तेव्हा गिऱ्हाईक नसतं.

नदीच्या खालच्या अंगाला, दीड तासाच्या अंतरावर ते गाव होतं. भाची शेजारच्या सीटवर बसून ड्रायव्हरच्या चुका काढत होती. "वळणावर एवढा ब्रेक मारतात का?" थोरलीचं लक्ष नव्हतं. ती हातातली पिशवी उगाचच पुन्हा पुन्हा उघडून बघत होती. पिशवीत रुमाल आणि औषधाची पट्टी, दुसरं काही नव्हतं.

दुकान अरुंद होतं. जुने कपडे कमी-जास्त करून देणं, विजारींच्या खालच्या दुमडी, तुटलेल्या चेन, असलं काम. भिंतीला खुंट्यांवर चिठ्ठ्या लावलेले कपडे टांगलेले. मशीनमागे एक पांढऱ्या केसांची बारीक बाई बसली होती. थोरलीनं तिला ओळखलं ते तोंडावरून नाही. विजारीच्या कडेतून सुई काढताना तिनं करंगळी बाहेर ठेवली होती, त्यावरून. धागा सांधताना ती तशीच ठेवायची आणि थोरली तिला रागवायची, करंगळी आत घे, पट्टा ओढून नेईल.

"या, ताई," धाकटी म्हणाली. "बसा. स्टूल डगमगतंय, जपून."

भाचीनं समंजसपणे बाहेर चहाच्या टपरीवर जाते म्हणून सांगितलं.

सुरुवातीला बोलणं पायांच्या दुखण्यावर झालं. मग डोळ्यांवर. धाकटीला थोरलीच्या नवऱ्याचं कळलं होतं. "शेवटी त्रास झाला का भावजींना?"

"फार नाही. झोपेतच."

"बरं झालं," धाकटी म्हणाली, आणि तिच्या तोंडावरून ते मनापासून म्हटल्यासारखं वाटलं. "खूप वर्षं रोज मनात त्यांना शिव्या द्यायची. मग एकदा इथल्या कारखान्यात एका मुलाची बोटं गेली. तिथं दोरी नव्हती. त्या दिवशी शिव्या थांबल्या. माफ केलं असं नाही. थांबल्या."

थोरलीनं मान हलवली.

"आणि तो दिवस मागितला ना मी," धाकटी पुढे म्हणाली, "तो तुमच्यासाठी नव्हता, ताई. बाकीच्यांसाठी होता. फाटकावर उभं राहून माझ्या अंगावर थुंकलेल्या बायका आहेत त्या. त्यांच्याबरोबर मी जिना चढायचा आणि वा, छान जपलंय म्हणायचं? तुम्ही आलात तर माझी ना नाही."

थोरलीला वाटलं आपल्याला नीट ऐकू आलं नाही. तिनं चांगला कान पुढे केला. धाकटी हसली आणि जुन्या सवयीनं नुसते ओठ हलवून म्हणाली, दोघी जाऊ. बुधवारी.

मग दोघी खरंच ठरवायला बसल्या. धाकटीनं चिठ्ठ्यांच्या गठ्ठ्यातली एक पाठकोरी चिठ्ठी घेतली. धाकटीनं सकाळची पहिली बस धरायची, थोरलीनं दुसरी, आणि उद्यानाच्या फाटकापाशी भेटायचं. आधी बंधारा बघायचा, पाय ताजे असताना. मग कालव्याच्या कडेनं, पण पूर्ण नाही, पुलापर्यंतच. पहिलं लाकडी चाक दोघींपैकी कुणीच बघितलं नव्हतं, ते त्यांच्या आधीच्या काळातलं, त्यामुळे तिथं माहिती सांगणारा काय थापा मारतो ते ऐकायचं. तिसरा मजला सगळ्यात शेवटी.

"यंत्रं सुरू झाली की मी तुमच्या उजव्या हाताला उभी राहीन," धाकटी म्हणाली. "तो कान बरा ना? कुणी काही विचारलं तर मी ओठांनी सांगेन. तुमचे कान तेव्हापासूनच गेले होते, नाही का? आम्ही सगळ्या तुमच्यावर हसायचो."

"हो," थोरली म्हणाली.

"तेच मी म्हणायचे मनाशी." धाकटीनं चिठ्ठी खाली ठेवली. "त्या दुपारी मी पाळीवरून आले तर तिला धाप लागलेली, ताई. ओठ पार काळे. तिला एकटी टाकून डॉक्टरला आणायला जाववेना, आणि उचलून न्यायचं तर मान टाकत होती. म्हटलं, तुम्ही येऊन नुसती धरलीत तरी मी धावत जाऊन येते. मी छत ठोकलं. तीनदा. परत तीनदा. मग उचलली आणि पळाले. पुलाच्या अलीकडे..." मशीनवरचं कापड तिनं हातानं सारखं केलं. "मग कित्येक महिने मला वाटायचं, वरची ऐकून गप्प बसली. त्या वाटण्यानं मी मरून गेले असते. मग एके रात्री लक्षात आलं, अगं, तिला ऐकूच येत नाही. चार हातांवरून हाक मारली तरी वळत नाही ती. तिला ऐकू आलं असतं तर ती आली असती. संप असो, भावजी असोत, ती आली असती. ते धरूनच मी राहिले. तेवढं एक होतं माझ्याकडे."

बाहेरून एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. थोरलीनं ती ऐकली. त्या काळी तिचे कान आतापेक्षा पुष्कळ बरे होते. चार हातांवरून हाक मारली तर ती वळत नसे, कारण ऐकू येत नाही असं सोंग केलं की मुकादमाची अर्धी कटकट टळायची, आणि त्यावर बायका हसायच्या, आणि हसवायला तिला आवडायचं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. तिनं नुसती मान हलवली असती, किंवा रुमालानं डोळे पुसले असते, तरी चाललं असतं. बुधवार ठरला होता. चिठ्ठीवर बसच्या वेळा लिहून झाल्या होत्या. एकेचाळीस वर्षांनी कुणीतरी तिला ताई म्हटलं होतं.

"मला ऐकू आलं होतं," थोरली म्हणाली.

धाकटीनं वर बघितलं.

"पुढच्या खोलीत यांच्या बैठकीची माणसं बसली होती. सहा जण. मी चुलीपाशी होते. तू ठोकलंस, तीनदा. पायाखाली जाणवलंसुद्धा. बाहेरची माणसं बोलायची थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, हेही. मी म्हटलं, मला काही ऐकू नाही आलं. कुणीतरी हसलं. मग तू परत ठोकलंस, तर मी नळ सोडला. मोठा सोडला, भांड्यावर धार पडेल असा." तिनं पिशवी मांडीवरून खाली ठेवली. "मला वाटलं ठकी खेळतेय. नाही. खोटं कशाला बोलू? ठकीचं ठोकणं हलकं असायचं. हे तिचं नाही, हे मला कळलं होतं."

थोरली वाट बघत राहिली. शिव्या दे, हात उगार, ऊठ म्हण, काहीही कर, असं तिच्या मनात येत होतं. धाकटीनं सुई पुन्हा हातात घेतली. विजारीच्या कडेत चार टाके घातले, सरळ, एकसारखे. दोरा दातांनी तोडला.

"तुमची परतीची बस किती वाजता आहे?" तिनं विचारलं.

"चारला."

"मग आता निघा. थांबा लांब आहे."

थोरली उठली. डगमगतं स्टूल पडता पडता राहिलं. दारात पोचल्यावर मागून आवाज आला, "बुधवारी तुम्ही जा. मी बघेन नंतरचं."

बसमध्ये भाचीनं सगळं काढून घेतलं आणि तिचा संताप झाला. "कशाला सांगायला गेलीस? सगळं जुळलं होतं! तिलाही बरं वाटत होतं, तुलाही."

"तिला बरं वाटत होतं ते माझ्या सोंगावर," थोरली म्हणाली. "मी तिच्या शेजारी उभी राहून तिसऱ्या मजल्यावर काय ऐकणार होते?"

"पण तिच्याकडे तेवढंच होतं म्हणाली ना ती!"

तेच थोरलीला खात होतं. खरं बोलून आपण आपला भार उतरवला की त्या बाईच्या हातातलं शेवटचं काढून घेतलं, हे तिला त्या दिवशी कळलं नाही आणि नंतरही कधी नीट कळलं नाही.

*

बुधवारी ती गेली. जाऊ नये असंच वाटत होतं, पण धाकटीनं जा म्हटलं होतं, आणि निदान एवढं तरी तिचं ऐकावं असं तिच्या मनानं घेतलं. फाटकापाशी उद्यानातली मुलगी उभी होती. फोनवरच्या आवाजापेक्षा ती लहान दिसत होती. पाच-सहा जुने कामगार आले होते, एकाला चाकाच्या खुर्चीतून आणलं होतं. थोरली कुणाशी फार बोलली नाही.

बंधाऱ्यावरून पाणी पूर्वीसारखंच पडत होतं. कालवा स्वच्छ केला होता, इतका की ओळखीचा वाटेना. लाकडी चाकापाशी माहिती सांगणाऱ्यानं सांगितलं की नदीनं इथल्या लोकांना समृद्धी दिली. चाकाच्या खुर्चीतला म्हातारा मोठ्यानं म्हणाला, "कुणाला?" आणि सगळे हसले. थोरलीही हसली, मग तिला शेजारची रिकामी जागा जाणवली आणि हसू तिथंच विरलं.

तिसऱ्या मजल्यावर फरशी घासून चकचकीत केली होती. दोन यंत्रं पिवळ्या दिव्यांखाली उभी होती. खालून दरवाजा उचलला गेला, छतावरचा दांडा हलला, पट्टे चढले आणि चात्या फिरायला लागल्या. थोरलीच्या तळपायांतून ती थरथर वर आली. तिनं डोळे मिटले नाहीत. एक धागा तुटला तेव्हा यंत्रावरचा माणूस चाचपडत राहिला. तिनं त्याला बाजूला सारून तो सांधून दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिला कुठं बघावं ते कळेना.

भिंतीवर संपाचा मोठा फलक होता. तिच्या नवऱ्याचा तरुणपणीचा फोटो, फाटकापुढची गर्दी, आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत घंटेची दोरी. पाच आठवडे, लिहिलं होतं. त्या दोरीमुळे पुढे अकरा वर्षं गिरणीत एकाही माणसाचा अवयव गेला नाही, असंही लिहिलं होतं. ते खरं होतं. थोरलीनं ते दोनदा वाचलं.

"काही चुकलंय का, आजी?" मुलीनं विचारलं. तिच्या हातात वही होती. "अजून दुरुस्त करता येईल."

"चुकलं काही नाही," थोरली म्हणाली. "कमी आहे."

यंत्रं थांबेपर्यंत ती थांबली. मग खिडकीखालच्या बाकावर बसून तिनं त्या मुलीला सांगितलं. दवाखान्याचं, हजेरीपटाचं, सुईचं. केरसुणीचा दांडा आणि नळ हेही सांगितलं. माणसं दुसऱ्या मजल्यावर निघून गेली, तरी ती सांगत होती. मध्ये एकदा मुलीचं लिहिणं थांबलं, तर थोरली म्हणाली, "लिही. माझ्या नावासकट लिही." भाची थोड्या अंतरावर उभी राहून खिडकीबाहेर बघत होती.

"मुलीचं वय?"

"चार. पाचवं लागलं होतं."

"नाव? ठकी नाही, खरं."

थोरलीनं नाव सांगितलं. किती वर्षांत ते तोंडातून निघालं नव्हतं. तिचं तिलाच ते परक्या मुलीचं वाटलं.

"यात वेलांटी पहिली की दुसरी?" मुलीनं विचारलं.

ठकी शाळेत गेली नव्हती. कुठल्या वहीवर, कुठल्या पाटीवर ते नाव कधी लिहिलं गेलं नव्हतं, निदान थोरलीनं तरी बघितलं नव्हतं. तिनं बोटानं मांडीवर एकदा असं, एकदा तसं गिरवून पाहिलं. दोन्ही बरोबर वाटत होती.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "तिच्या आईला विचार. आणि हे भिंतीवर लावायचं की नाही, तेही तिलाच विचार. ती नको म्हणाली तर लावू नकोस."

"त्या येणार आहेत का?"

"माहीत नाही. तू फोन कर. फोन करायला मी सांगितलं असं म्हणू नकोस."

मुलीनं मान हलवली. नावाच्या जागी तिनं वेलांटीपुरती जागा कोरी सोडली आणि पुढचं लिहायला घेतलं.